बर्फावरच्या फिश हाउससाठी प्रोपेन: सिलिंडर कोणतं घ्यायचं, कुठे भरायचं आणि कुठे फसायचं नाही

पहाटे तीन वाजता हीटर विझला. मिनेसोटातल्या गोठलेल्या मिल लॅक्स तळ्यावर, किनाऱ्यापासून दोन मैल आत, फिश हाउसमध्ये, म्हणजे बर्फावर बसून मासे धरायच्या खोपट्यात. बाहेर उणे २७ सेल्सिअस. आम्ही दोघे मित्र पाळीपाळीने झोपत होतो आणि पाळी माझी होती, त्यामुळे निदान लगेच कळलं. माझा हिशेब चोख होता: २० पौंडांचं सिलिंडर, ताशी १८,००० बीटीयूचा हीटर (बीटीयू हे उष्णतेचं माप), म्हणजे २४ तास. सकाळी नऊला पेटवलाय, उद्या नऊपर्यंत बघायला नको. प्रत्यक्षात तो १८ तासच चालला. सिलिंडर २० पौंडांचंच होतं, पण त्यात गॅस १५ पौंड होता, आणि तसं त्याच्या लेबलवर स्वच्छ छापलेलं होतं. वाचलं नव्हतं ते मी.

मिनेसोटात नव्याने आलेल्या आणि हिवाळ्यात ऑफिसातल्या कुणाच्या तरी नादाने बर्फावर मासे धरायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. गळ कोणता, बर्फाला भोक पाडायची भोवरी कोणती, वॉलाय मासा कुठे लागतो हे सांगणारे पुष्कळ भेटतील. गॅसबद्दल कुणी सांगत नाही, कारण इथल्या माणसाला ते लहानपणापासून माहीत असतं आणि आपल्याला वाटतं, सिलिंडर तर आपण जन्मभर वापरलंय.

खरं तर वापरलं होतं एजन्सीने. तारीख तपासणं, वजन करून भरणं, जुनं सिलिंडर बाद करणं, सगळं तीच करायची. आपण नंबर लावायचा आणि फार तर वायसर बदलायचा. इथे कनेक्शन नाही, डिपॉझिट नाही, पुस्तक नाही. सिलिंडर तुमच्या मालकीचं, म्हणून त्याची जबाबदारीही तुमची.

गॅसही तोच नाही. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वाफ व्हायचं थांबतं. प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसपर्यंत उकळत राहतं, म्हणून बर्फावर तेच चालतं. कॅम्पिंगच्या छोट्या शेगडीसोबत मिळणारे ब्युटेनचे डबे घरीच ठेवा.

काय काय लागेल

सिलिंडर विकत घ्यायला किंवा भरून घ्यायला कसलाही कागद लागत नाही. कागद लागतात ते मासेमारीचे: फिशिंग लायसन्स, आणि फिश हाउस रात्री रिकामं सोडून जाणार असाल तर त्या घराचंही वेगळं लायसन्स. घर भाड्याने घेतलंत तर घराचं मालक बघतो.

सामान असं: सिलिंडर (शक्यतो दोन), रेग्युलेटर आणि एक जास्तीचा रेग्युलेटर, नळी, पाना, साबणाच्या पाण्याची स्प्रेची बाटली, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि बॅगा तोलायचा हातातला वजनकाटा. हा शेवटचा प्रत्येक मराठी घरात असतोच. भारतात जाताना २३ किलोची बॅग ज्याने तोलता, तोच.

१. आधी हिशेब

एका पौंड प्रोपेनमधून साधारण २१,६०० बीटीयू उष्णता मिळते. पौंडांना या आकड्याने गुणा आणि हीटरच्या ताशी बीटीयूने भागा, की तास निघतात. पूर्ण भरलेल्या २० पौंडी सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू. बडी नावाचा छोटा हीटर ताशी ४,००० ते ९,००० बीटीयू जाळतो, मोठा १८,००० पर्यंत जातो. म्हणजे छोटा पूर्ण जोरात ४८ तास, मोठा २४.

चाकांच्या घरात, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिश हाउसमध्ये, भिंतीतली फर्नेस (धूर बाहेर सोडणारा मोठा हीटर) असते, तिचा आकडा मोठा दिसतो पण ती थांबून थांबून चालते. २०,००० बीटीयूची फर्नेस निम्मा वेळ पेटती राहिली तर २० पौंडांत ४३ तास. कडाक्याच्या थंडीत आणि वाऱ्यात ती निम्म्याहून बरीच जास्त चालते. मी हिशेब करतो आणि त्याच्या दीडपट गॅस नेतो. जड होतं, पण परत आणता येतं.

फर्नेसचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, हे मात्र लक्षात ठेवा. गॅस भरपूर आणि बॅटरी झोपलेली, तर घर गारच.

२. आकार कोणता

एक पौंडाच्या हिरव्या बाटल्या दोन तासांसाठी तंबू टाकणाऱ्याला ठीक. रात्र काढायची तर विसरा. त्या पुन्हा भरायचा अडाप्टर दुकानात सर्रास मिळतो, पण त्या एकदाच वापरायच्या म्हणून बनवलेल्या असतात. झडप पुन्हा नीट बसेल याची खात्री नसते. तो अडाप्टर मीही घेतला होता. अजून पाकिटातच आहे.

२० पौंडी सिलिंडर म्हणजे घराघरांत बार्बेक्यूखाली असतं ते. रिकामं साधारण १७ पौंड, भरलेलं ३७, म्हणजे सतरा किलोच्या आत. एका हाताने उचलून स्लेजवर ठेवता येतं. माझ्या मते नवख्याने इथूनच सुरुवात करावी, आणि एकाऐवजी दोन घ्यावीत.

३० पौंडी चाकांच्या घरांच्या पुढच्या दांड्यावर जोडीने बसवलेली दिसतात. भरल्यावर ५५ पौंडांच्या आसपास. वीकेंडला नेमाने जाणाऱ्यांसाठी हाच आकार योग्य. ४० पौंडी भरल्यावर सत्तरीला जातं, कमरेचा विचार करा. १०० पौंडी माणसाच्या छातीएवढं उंच असतं आणि भरल्यावर १७० पौंडांचं. सीझनभर एकाच जागी राहणाऱ्या घराला ते बरं, आपल्याला नको.

एक सापळा: फोर्कलिफ्टची सिलिंडरं स्वस्तात विकायला येतात. त्यातून वाफ नव्हे, द्रव बाहेर येतो. हीटरला ती लावायची नाहीत.

३. बदलून घ्यायचं की भरून

पेट्रोल पंपाबाहेर जाळीच्या कपाटात सिलिंडरं असतात. रिकामं द्या, भरलेलं घ्या. आपल्याला हे अगदी घरच्यासारखं वाटतं, आणि फसायला होतं ते इथेच. अशा बदली सिलिंडरांत बहुतेक वेळा १५ पौंडच गॅस असतो. लपवाछपवी नाही, लेबलवर लिहिलेलं असतं. पण पौंडामागे पैसे जास्त पडतात, आणि माझ्यासारखी पहाट उगवते ती वेगळीच. शिवाय तुम्ही नवंकोरं दिलंत आणि बदल्यात गंजलेलं, लवकर बाद होणारं मिळालं, तर तक्रार कुणाकडे करणार?

भरून देणारी जागा शोधा. शेतकऱ्यांच्या को-ऑपची दुकानं, हार्डवेअरवाले, काही पेट्रोल पंप, प्रोपेनचे डीलर. तिथे गॅलनवर पैसे घेतात, म्हणजे सिलिंडरमध्ये थोडा गॅस उरला असेल तर तो वाया जात नाही, वरचे तेवढे भरून मिळतात. शनिवारी दुपारनंतर भरणारा माणूस घरी गेलेला असतो, म्हणून गुरुवारी-शुक्रवारीच उरका. तळ्याकाठच्या गावांत बदलीची कपाटं रात्रीही उघडी असतात. अडीअडचणीला ती आहेत, एवढंच.

४. कॉलर वाचायला शिका

हा भाग नीट वाचा, कारण भरणारा माणूस आधी हेच वाचतो आणि नापसंत पडलं तर हात लावत नाही.

सिलिंडरच्या वर झडपेभोवती पत्र्याची कडी असते, तिला कॉलर म्हणतात. तिच्यावर ठोकलेली अक्षरं अशी:

टीडब्ल्यू, आणि पुढे १७ किंवा १७.४ सारखा आकडा. हे रिकाम्या सिलिंडरचं वजन, पौंडांत.

डब्ल्यूसी, आणि पुढे बहुधा ४७.६. आत पाणी भरलं तर किती पौंड मावेल, तो हा आकडा. त्याला ०.४२ ने गुणलं की २० येतात. २० पौंडी हे नाव पडलं ते इथून. द्रव प्रोपेन उष्णतेने खूप फुगतं, म्हणून सिलिंडर ८० टक्क्यांच्या आसपासच भरायचं असतं.

तिसरी, तारीख. महिना आणि वर्ष, उदाहरणार्थ ०३-१५. आपल्याकडे सिलिंडरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी आणि वर्ष असतं, तीच गोष्ट. फरक इतकाच की आपल्याकडची तारीख पुढच्या तपासणीची असते आणि इथली सिलिंडर बनल्याची. बनल्यापासून १२ वर्षांनी ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. तपासल्यावर नवी तारीख ठोकतात किंवा स्टिकर लावतात. तिच्या शेवटी ई हे अक्षर असेल तर बाहेरून बघून तपासणी झाली आहे आणि ती पाच वर्षं चालते. तारीख उलटलेलं सिलिंडर कुठलाही शहाणा माणूस भरून देणार नाही.

जुनं सिलिंडर कुणी फुकट देत असेल तर आधी तारीख बघा, मग झडपेची मूठ. मूठ तीन कोनांची हवी. ही जास्त भरण्याला अटकाव करणारी झडप. आत एक तरंगणारा गोळा असतो, पातळी वर आली की तो वाट बंद करतो. ४ ते ४० पौंडांच्या सिलिंडरांना ही झडप नसेल तर २००२ पासून ती भरून देत नाहीत. गोल, फुलासारखी मूठ दिसली तर आभार मानून पुढे चला.

झडपेचं पितळ निळं-हिरवं पडलं असेल तर त्याला हातही लावू नका. त्यात कधीतरी शेतीखताचा अमोनिया भरला होता. अमोनियाने पितळ आतून ठिसूळ होतं आणि झडप तुटून उडू शकते. मिनेसोटाच्या गावाकडच्या जुन्या सामानाच्या सेलमध्ये असं सिलिंडर समोर येऊ शकतं.

५. नवं सिलिंडर पहिल्यांदा भरताना

दुकानातून आणलेल्या कोऱ्या सिलिंडरमध्ये हवा असते. ती काढून टाकल्याशिवाय प्रोपेन भरलं तर ज्योत नीट धरत नाही, हीटर पुन्हा पुन्हा विझतो आणि आपण दोष हीटरला देतो. भरायला देताना एवढंच सांगा, “नवं आहे, पर्ज करून द्या.” काही सिलिंडरं कारखान्यातूनच निर्वात करून येतात, तसं लेबलवर असतं. पर्ज करायला दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात, म्हणून गर्दीच्या वेळी कुणी ते टाळू बघतं. आपण उभं राहायचं.

६. भरत असताना

सिलिंडर उभं ठेवतात, नळी लावतात आणि झडपेच्या बाजूचा एक बारीक स्क्रू सैल करतात. त्यातून फुसफुस वाफ येत राहते. पातळी ८० टक्क्यांवर पोचली की त्याच भोकातून पांढरा फवारा उडतो. तो दिसला की भरणं थांबवायचं आणि स्क्रू घट्ट करायचा. काही ठिकाणी काट्यावर ठेवून वजनाने भरतात. दोन्ही रीती बरोबर.

पावती बघा. प्रोपेनचा गॅलन ४.२ पौंडांचा. २० पौंडी रिकाम्या सिलिंडरमध्ये ४.७ गॅलन मावतो. पावतीवर ५ किंवा जास्त असेल तर सिलिंडर जास्त भरलंय. “बरंय की, जास्त मिळाला” असं म्हणायची सवय इथे अंगाशी येते. गारठ्यात काठोकाठ भरलेलं सिलिंडर गरम जागेत आलं की द्रव फुगतो, सुरक्षेची झडप उघडते आणि गॅस बाहेर. लगेच सांगून कमी करून घ्या.

घरी येऊन वजनकाट्याला लटकवा. काट्यावर ३७ दिसले आणि कॉलरवर १७, तर आत २०. माझ्या काट्यावर अजून एअरलाइनची फाटकी पट्टी अडकलेली आहे. आता तो वर्षातून एकदा बॅगा तोलतो आणि बाकी सगळा हिवाळा गॅस. तळ्यावरही हाच काटा कामाला येतो. हलवून अंदाज घेण्यापेक्षा आकडा बरा.

७. नेणं आणि जोडणं

गाडीत उभं ठेवायचं, बांधायचं, झडपेला प्लास्टिकचं बूच लावायचं. आडवं ठेवलं तर सुरक्षेच्या झडपेकडे वाफेऐवजी द्रव येतो. बंद गाडीत न्यावं लागलं तर खिडकी थोडी उघडी, आणि वाटेत जेवायला थांबून सिलिंडर गाडीत सोडायचं नाही.

फिश हाउसमध्ये सिलिंडर बाहेरच राहतं. आतमध्ये, पलंगाखाली, “थंडी लागू नये म्हणून” ठेवलेलं मी पाहिलंय. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतं. गळती झाली तर ते जमिनीलगत साचतं, जिथे तुमचा हीटर आहे. सिलिंडर बाहेर, नळी आत.

आजच्या बार्बेक्यू सिलिंडरला प्लास्टिकची मोठी चाकी असलेली जोडणी बसते, हाताने घट्ट करायची, उजवीकडे. जुन्या पद्धतीच्या पितळी जोडणीचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होते आणि पाना लागतो. हे माहीत नसताना मी एकदा दहा मिनिटं ती घट्ट करतोय असं समजून सोडवत होतो.

झडप अगदी हळू उघडा. झटक्यात उघडली तर जोडणीतल्या सुरक्षेला वाटतं की नळी फुटली आहे, आणि ती गॅस अडवून धरते. सिलिंडर भरलेलं आणि ज्योत मेणबत्तीएवढी, असं झालं की झडप बंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा सावकाश उघडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

साबणाचं पाणी लावून गळती बघायची ती घरीच, निघायच्या आदल्या दिवशी. तळ्यावर उणे वीसमध्ये बुडबुडे येण्याआधी पाणीच गोठतं.

बडीसारखा हीटर मोठ्या सिलिंडरला जोडणार असाल तर साध्या नळीसोबत फिल्टर लावा. रबरातून तेलकट अंश सुटतो, हीटरच्या आत जाऊन बसतो आणि पुढच्या वर्षी तो पेटत नाही.

८. थंडी काय करते

खोलीच्या तापमानाला सिलिंडरमध्ये प्रत्येक चौरस इंचावर १०० पौंडांहून जास्त दाब असतो. उणे २९ सेल्सिअसला तो जेमतेम १० उरतो. त्यात गॅस ओढला की उरलेला द्रव आणखी गार होतो. सिलिंडर जितकं रिकामं, तितकं त्यातून वाफ निघणं कठीण. म्हणून अर्ध्याहून कमी भरलेलं सिलिंडर कडाक्यात दम तोडतं, आत गॅस असूनही. दोन सिलिंडरं एकत्र जोडली की भार विभागतो. एक संपलं की दुसऱ्यावर आपोआप जाणारा रेग्युलेटर मिळतो, त्यावर हिरवी-लाल खूण असते. चाकांच्या घराला तो असावाच.

गॅस आहे, झडप उघडी आहे, तरी ज्योत नाही, असं झालं तर रेग्युलेटर बघा. गॅसमध्ये ओल असली तर रेग्युलेटरमध्ये बर्फाचा खडा होतो. शिवाय रेग्युलेटरला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, ते खाली तोंड करून हवं. महामार्गावर उडालेला चिखल-बर्फ त्यात जाऊन बसतो, म्हणून ओढून नेताना वर झाकण ठेवा. गोठलेल्या रेग्युलेटरला मी शेकायची रबरी पिशवी लावतो. आईने पाठदुखीसाठी दिलेली. ज्योत, लायटर, हीटगन यांतलं काहीही सिलिंडरजवळ न्यायचं नाही, कितीही अनुभवी माणूस “मी नेहमी असंच करतो” म्हणाला तरी.

९. आतली हवा

छोटे हीटर आतलाच प्राणवायू जाळतात आणि धूरही आतच सोडतात. त्यामुळे छताकडे एक आणि खाली एक फट उघडी हवी. किती चौरस इंच, ते हीटरच्या पुस्तिकेत असतं. “थंडी आत येते” म्हणून फटी टॉवेलने बुजवणारे भेटतील. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. प्रोपेनचा कुजल्यासारखा वास मुद्दाम घातलेला असतो, त्यावरून ते कळतं. याचं कळत नाही, डोकं दुखतं आणि झोप येते. अलार्मची बॅटरी नवी घालून न्या आणि तो झोपायच्या उंचीवर टांगा. बिनधुराड्याचा हीटर पेटता ठेवून सगळ्यांनी झोपायचं नाही. रात्र काढायची असेल तर बाहेर धूर सोडणारी फर्नेस असलेलं घर भाड्याने घ्या. आम्ही पहिल्या वर्षी ते केलं नाही, ती काटकसर चुकीची होती.

बर्फाची जाडी हा वेगळा विषय, पण एवढं तरी: चालत जायला निदान ४ इंच चांगला, नितळ बर्फ. मोठ्या ट्रकमागे चाकांचं घर ओढायचं तर २० इंचांहून जास्त. भरलेली सिलिंडरंही त्या वजनात येतात.

१०. सीझन संपल्यावर

मिनेसोटाच्या दक्षिणेकडच्या दोन तृतीयांश भागात मार्चच्या पहिल्या सोमवारनंतर आणि उत्तरेकडे तिसऱ्या सोमवारनंतर रिकामं घर रात्री बर्फावर ठेवता येत नाही. सिलिंडरं त्याच दिवशी सोडवून घ्या. झडप बंद, नळी मोकळी, बूच घट्ट. गॅरेज किंवा तळघरात न ठेवता घराबाहेर, सावलीत, उभी. उरलेला गॅस खराब होत नाही. उन्हाळ्यात त्यावर कणसं भाजा. बाद झालेलं सिलिंडर कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर किंवा डीलरकडे द्यायचं. नाहीतर जाळीच्या कपाटाशी जा आणि तारीख उलटलेलं देऊन चालू तारखेचं घेऊन या. बदलीच्या धंद्याचा मला सापडलेला एकमेव चांगला उपयोग तो.